पक्षिपालन – वाचकांचे प्रश्न : प्रदर्शनातले बदक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी परदेशातील मराठी कुटुंबांची आहेत. मुलांनी हौसेने बदके पाळली आहेत, ती प्रदर्शनात मांडायची आहेत, आणि घरात या गोष्टीचा पूर्वानुभव असलेले कोणीच नाही, असा या पत्रांचा साधारण सूर आहे. कोंबडीविषयी आजोळी पाहिलेले थोडेफार बहुतेकांना आठवत असते; बदकालाही तोच न्याय लावला की चुका होऊ लागतात. म्हणून या वेळी सदराची सारी जागा बदकांनाच दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची असून ती इथल्या फोर-एच (मुलांना शेती, पशुपालन अशी कामे शिकवणारी चळवळ) मंडळाची सदस्य आहे. तिने रूआँ जातीच्या बदकांची एक जोडी वाढवली आहे. ऑगस्टमध्ये आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जत्रा आहे. मात्र जूनअखेरपासून नराच्या डोक्याचा हिरवा रंग जाऊन तो मादीसारखा तपकिरी दिसू लागला आहे आणि खुराड्यात पिसांचा खच पडतो. तो आजारी आहे का? अशा अवस्थेत त्याला नेले तर परीक्षक बाद करतील का? (ओहायो, अमेरिका)

उत्तर : आपला नर खात-पीत असेल, डोळे स्वच्छ आणि चाल मोकळी असेल, तर तो आजारी नाही. रूआँ ही जात जंगली मॅलार्ड बदकाचाच रंग घेऊन मोठ्या आकारात आलेली जात आहे, आणि मॅलार्डच्या नराप्रमाणे तिचा नरही विणीचा हंगाम सरला की आपला झगमगीत वेष उतरवून काही आठवडे मादीसारखा साधा वेष धारण करतो. इंग्रजीत या अवस्थेला ‘इक्लिप्स’, म्हणजे ग्रहण, असे म्हणतात, आणि ते नाव मला फार समर्पक वाटते, कारण काही काळाने ग्रहण सुटते. जंगली बदकांत याच सुमारास पंखांतली मोठी पिसे एकदम गळतात आणि तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा काळात भडक रंगाचा नर शिकाऱ्याच्या सहज नजरेस पडला असता, म्हणून हा साधा वेष. माणसाच्या अंगणात वाढणाऱ्या साडेचार किलोच्या रूआँला उडण्याचा प्रश्नच नसतो, पण शरीराने जुने वेळापत्रक सोडलेले नाही.

आता जत्रेचे पाहू. अमेरिकेतील बहुतेक काउंटी जत्रा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या या ग्रहणाच्या काळात भरतात. रूआँ, मॅलार्ड रंगाचे कॉल बदक (ही एक लहानखुरी जात) किंवा तसाच रंग असलेली कोणतीही जात पाळणाऱ्याची ही कायमची अडचण आहे आणि अनुभवी परीक्षक ती ओळखून असतात. पक्ष्याला या कारणाने सहसा अपात्र ठरवले जात नाही. परंतु रंग आणि पिसांची स्थिती यांचे गुण त्याला मिळत नाहीत, आणि शेजारच्या पिंजऱ्यात पूर्ण पिसांचे, पेकिन जातीचे पांढरे बदक असेल तर ते पुढे जाते. म्हणून या वर्षी नराऐवजी मादी मांडावी, असे मी सुचवेन. मादीच्या प्रत्येक पिसावरची नाजूक गडद रेघ हेच रूआँच्या परीक्षेतले अवघड प्रकरण आहे, आणि ती रेघ सुबक असेल तर जाणता परीक्षक नराच्या हिरव्या डोक्याकडे फारसे लक्ष देत नाही. अर्थात मादीची पिसेही गळत असतील, तर दोघांपैकी ज्याची पिसे अधिक भरलेली दिसतील त्याला न्यावे.

या दिवसांत नराला उचलताना विशेष सांभाळावे लागते. नव्याने येणाऱ्या मोठ्या पिसाच्या नळीत रक्त असते. ती नळी तुटली तर रक्तस्राव होतो आणि पक्ष्याला वेदना होतात. जुनी पिसे लवकर निघावीत म्हणून ती उपटण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो मुळीच ऐकू नये. पिसे जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांची बनलेली असतात, म्हणून या काळात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने असलेले पाणपक्ष्यांचे खाद्य द्यावे, ताजे पाणी भरपूर द्यावे आणि वाट पाहावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत हिरवे डोके, पांढरी गळपट्टी आणि शेपटीवरची वळलेली पिसे सगळे परत येईल. मोठी प्रदर्शने, ज्यात कोलंबस येथील आपल्याच राज्याचे ओहायो नॅशनलही येते, हिवाळ्याच्या तोंडावर भरतात, त्यामागे हे एक कारण आहेच. मुलीची हौस टिकली तर नराला तिथे न्यावे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. फोर-एच चळवळीची सुरुवात १९०२ मध्ये ओहायोतल्याच क्लार्क काउंटीत झाल्याचे मानले जाते, आणि ज्या ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या नियमग्रंथाशी आपल्या बदकाची तुलना होईल, त्याची पहिली आवृत्ती अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १८७४ साली काढली. मुलीने तो ग्रंथ ग्रंथालयातून आणून आपल्या जातीचे पान स्वतः वाचावे. परीक्षक मुलांना प्रश्न विचारतात, आणि रूआँचा पूर्ण वाढलेला नर १० पौंडांचा असावा हे आईने पढवलेले उत्तर आणि मुलीने स्वतः वाचून दिलेले उत्तर यांतला फरक त्यांना लगेच कळतो.

प्रश्न : आमच्याकडे चार कॉल बदके आणि दोन एल्झबरी आहेत. माझ्या मुलाने घाईत एका एल्झबरीला पायाला धरून उचलले आणि ती दोन दिवस लंगडत होती. बदक नेमके कसे पकडावे, कसे धरावे आणि प्रदर्शनातल्या पिंजऱ्याची सवय कशी लावावी? परीक्षक काठीने टोचतात असेही ऐकले आहे. (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : लंगडेपणा दोन दिवसांत गेला, हे नशीब समजावे. कोंबडीला पायांनी धरून उलटी लटकवलेली आपण बाजारात लहानपणापासून पाहतो (तेही चुकीचेच आहे), पण कोंबडीचे पाय त्यातून बहुधा सुटतात. बदकाचे सुटत नाहीत. त्याचे पाय पोहण्यासाठी शरीराच्या मागच्या बाजूला बसवलेले, शरीराच्या मानाने बारीक आणि सांध्यांत नाजूक असतात. एल्झबरीसारख्या जड जातीचे वजन एका पायावर आले की सांधा निखळतो आणि तो पक्षी प्रदर्शनातूनच नव्हे, पुष्कळदा अंगणातूनही बाद होतो.

पकडायची वेळ संध्याकाळची ठेवावी, कारण अंधारू लागल्यावर बदके शांत असतात. मोकळ्या मैदानात त्यांच्यामागे कधीही धावू नये. बदके कळपाने चालतात, त्यामुळे दोन्ही हातांत एकेक लांब बांबू धरून हात पसरले आणि हळूहळू पुढे सरकले की सारा कळप एखाद्या शिस्तीच्या मिरवणुकीसारखा आपणहून कोपऱ्याकडे जातो. कोपऱ्यात हव्या त्या पक्ष्याच्या दोन्ही पंखांवर वरून दोन्ही तळवे ठेवावेत, म्हणजे पंख अंगाशी मिटलेले राहतात. एकच पंख हातात येऊन दुसरा फडफडू लागला, तर ओढाताण न करता सोडून द्यावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

पंख मिटलेले असताना एक हात छातीखालून सरकवावा. पक्ष्याचे सगळे वजन तळहात आणि मनगटापुढच्या हातावर यावे, त्याचे पाय आपल्या बोटांच्या मध्ये हलकेच अडकावेत, डोके आपल्या कोपराकडे म्हणजे काखेच्या दिशेने असावे आणि शेपटी बाहेरच्या बाजूला. दुसरा हात पाठीवर राहतो. शेपटी बाहेर ठेवण्याचे कारण आपले कपडे हे आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या कपड्यांची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि परीक्षक मंडळी बहुधा जाड एप्रन घालून येतात ती उगाच नव्हे. कॉल बदक पाऊण किलोच्या आतबाहेरचे असल्याने मुलाच्या एका हातात मावते, परंतु एल्झबरीला मोठ्या माणसानेच दोन्ही हातांनी उचलावे. मस्कोवी ही बदकाची जात कधी घेतलीत तर तिची नखे मांजरासारखी ओरबाडतात हे लक्षात ठेवून लांब बाह्यांचा सदरा घालावा.

एका गोष्टीकडे मुलाचे विशेष लक्ष वेधावे. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) नसते; छाती पुढेमागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो. प्रेमाने घट्ट कवटाळलेले बदक त्यामुळे गुदमरू शकते. घट्ट धरायचे ते पंख, छाती नव्हे. खाली सोडतानाही दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत हात सोडू नये. हवेतून सोडलेले बदक कोंबडीप्रमाणे पंख पसरून उतरत नाही, धपकन आपटते.

पिंजऱ्याची सवय प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधीपासून लावावी. एल्झबरीला किमान ६० सेंटिमीटर लांब-रुंद जागा हवी. कॉल बदकाला त्याहून कमी चालते. तळाशी पाइनचा भुसा किंवा स्वच्छ पेंढा घालावा. देवदाराचा उग्र वासाचा भुसा टाळावा, त्याने श्वसनमार्गाला त्रास होतो. सुरुवातीला रोज तासभर, मग एखादी पूर्ण रात्र, असे वाढवत न्यावे. एकट्या बदकाला ठेवू नये. शेजारच्या पिंजऱ्यात जोडीदार दिसत राहिला तर ते खाते आणि उभे राहते, नाहीतर कोपऱ्यात बसून राहते, आणि बसलेल्या बदकाची ठेवण परीक्षकाला दिसत नाही. पिंजऱ्यात घालताना आणि बाहेर काढताना डोके नेहमी पुढे असावे. शेपटीकडून ओढून काढले तर पिसे दाराच्या तारेत अडकून उलटी होतात आणि महिनाभराची मेहनत एका झटक्यात वाया जाते.

काठीविषयी ऐकीव गोष्ट अर्धी खरी आहे. परीक्षकाकडे लांब बारीक काठी असते, पण ती टोचण्यासाठी नसून पक्ष्याला वळवण्यासाठी आणि सरळ उभे करण्यासाठी असते. घरी एखाद्या छडीने रोज बदकाच्या छातीला आणि पाठीला हलका स्पर्श करावा आणि लगेच दोन-चार मटारचे दाणे द्यावेत. आठवड्याभरात छडी दिसली की मटार आले, असा त्याचा समज होतो. आपल्या हाताने पंख उलगडणे, चोच पाहणे, पोटाखालची पिसे फुंकरून बघणे हेही रोज पाच-दहा मिनिटे करावे, कारण परीक्षक हेच करणार असतात. कॉल बदकांच्या आवाजाबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो: नेदरलँड्समध्ये जंगली बदकांना बोलावून सापळ्यात आणण्यासाठीच ही जात पाळत असत, तेव्हा त्यांचा आवाज कोणत्याही शिकवणीने कमी होणार नाही. शेजाऱ्यांना अधूनमधून अंडी देत राहावे.

प्रश्न : आमचे पेकिन चिखलाने पिवळट झाले आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साबणाने धुऊन शेवटच्या पाण्यात धोतराला घालतो तशी थोडी नीळ घातली तर चालेल का? (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : नीळ घालण्याची कल्पना आपल्याला सुचली याचे मला हसू आले नाही, कारण पांढऱ्या कोंबड्यांना धुताना शेवटच्या पाण्यात नीळ घालण्याची पद्धत पाश्चात्त्य हौशी मंडळींतही जुनी आहे. तरीही बदकाला नीळ नको. ती थोडी जास्त झाली तर पक्षी निळसर दिसतो, आणि पक्ष्याचा रंग कृत्रिम उपायाने बदलणे ही प्रदर्शनाच्या नियमांत फसवणूक समजली जाते. शिवाय पेकिनला शुभ्र करण्याचे कारणच नाही. त्याच्या पिसांत सायीसारखी छटा असते आणि ती मानकाला धरूनच आहे. चिखलाचे डाग आणि ही मूळ छटा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आदल्या दिवशी साबण लावण्याविषयी मात्र मी स्वानुभवाने बोलतो. माझ्या पहिल्या प्रदर्शनापूर्वीच्या संध्याकाळी मी एका पांढऱ्या बदकाला भांडी घासण्याच्या द्रवाने धुतले. ते इतके स्वच्छ झाले की मी खूश होऊन त्याला पुन्हा टबात सोडले, आणि ते नेहमीप्रमाणे तरंगण्याऐवजी पाण्यात खोल बसले, पिसे भिजून अंगाला चिकटली आणि ते थरथरू लागले. रात्रभर स्वयंपाकघरात शेगडीजवळ त्याला ठेवावे लागले. सकाळी परीक्षकांनी ‘पिसांची स्थिती खराब’ असा शेरा दिला, आणि तो योग्यच होता. बदकाच्या पिसांचे बारीक धागे एकमेकांत आकड्यांनी गुंतलेले असतात, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल ते चोचीने सर्व अंगाला लावत असते. या दोन्हींमुळे पाणी आत शिरत नाही. साबण तेल काढून टाकतो आणि चोळल्याने धागे विस्कटतात. दोन्ही पूर्ववत व्हायला काही दिवस लागतात.

त्यामुळे काम बदकाकडेच सोपवावे. प्रदर्शनाच्या चार-पाच दिवस आधी त्याला चिखलातून काढून जाड पेंढा किंवा स्वच्छ गवत असलेल्या जागी ठेवावे आणि डोके, मान व पाठ बुडेल एवढ्या पाण्याचा टब द्यावा. पाणी रोज, गरज पडल्यास दोनदा बदलावे. बहुतेक डाग दोन दिवसांत जातात, कारण बदकाला स्वतःची पिसे विंचरण्याचे वेडच असते. एखादा डाग हटत नसेल तर निदान आठवडाभर आधी, कोमट पाण्यात लहान मुलांचा सौम्य शाम्पू अगदी थोडा घालून, पिसांच्या दिशेनेच हात फिरवत तेवढाच भाग धुवावा आणि पाणी पूर्ण निवळेपर्यंत खळखळून काढावे. नंतरचे दिवस ते पुन्हा तेल लावण्यात घालवते. पाण्यात लोह जास्त असेल तर तांबूस झाक येते, आणि ती टबातले पाणी बदलूनच जाते. सतत कडक उन्हात राहिलेल्या पांढऱ्या पिसांवर येणारा पितळी पिवळेपणा मात्र धुऊन जात नाही. तो पिसे गळून नवी येईपर्यंत राहतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात सावलीची सोय आतापासूनच करावी.

चोच आणि पाय मात्र माणसाने साफ करायचे असतात. मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि संयम एवढे पुरते. नाकपुड्या ओल्या कापसाने पुसाव्यात. प्रदर्शनाच्या सकाळी चोचीला आणि पायांना गोडेतेलाचे बोट लावून लगेच कापडाने कोरडे पुसावे, म्हणजे रंग उजळ दिसतो. तेल पिसांना लागले तर तिथे धूळ चिकटते. पेकिनची चोच नारिंगी-पिवळी असावी लागते, त्यामुळे मका खाल्ल्याने नुकसान होत नाही. (वरच्या लेस्टरच्या वाचकांनी मात्र हे लक्षात ठेवावे: एल्झबरीची चोच फिकट गुलाबी हवी, आणि मका व ऊन दोन्ही ती पिवळी करतात. बकिंगहॅमशायरमधले जुने बदकपालक पाण्याच्या पन्हाळीत वाळू-खडी घालत. तीत चोच खुपसून खुपसून पक्षी ती आपोआप घासत असे.)

प्रश्न : ‘इंडियन रनर’ ही जात भारतातली आहे का? असल्यास ती महाराष्ट्रात कुठे मिळेल? (ठाणे)

उत्तर : नाही. बाटलीसारख्या उभ्या अंगाची, डुलत न चालता सरळ पळणारी ही बदके मूळची जावा, बाली, लोंबोक या इंडोनेशियातल्या बेटांची. तिकडे शेतकरी त्यांचे कळप भातखाचरांत चारायला नेतात. १९व्या शतकात ती व्यापारी जहाजांतून इंग्लंडला पोहोचली आणि पूर्वेकडून आलेल्या मालाला ‘इंडियन’ म्हणण्याच्या तिथल्या सवयीने हे नाव चिकटले. आपल्याकडे आज सर्वांत परिचित असलेली खाकी कॅम्पबेल ही रनरचीच वंशज आहे: इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या अडेल कॅम्पबेल यांनी रनर, रूआँ आणि मॅलार्ड यांच्या संकरातून ती १९व्या शतकाच्या अखेरीस घडवली. खरी भारतीय बदके पाहायची असतील तर आसामची पाती आणि बिहारची मैथिली पाहावी. प्रदर्शनात रनरची परीक्षा मुख्यतः उभेपणाची असते, म्हणून पाळणारे त्याच्या डोक्यावर खाऊ धरून त्याला ताठ उभे राहायला शिकवतात.

प्रश्न : मी खाकी कॅम्पबेल पाळतो. जानेवारीत तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात ती मांडायची आहेत. पावसाळ्यात खाचरात सापडलेली हळदी-कुंकू बदकाची दोन पिल्लेही मी वाढवली आहेत. ती दिसायला अतिशय सुंदर आहेत. तीही ठेवू का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : हळदी-कुंकू बदके प्रदर्शनात ठेवू नयेत, आणि घरीही ठेवू नयेत. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू अशा रंगांचा हा पक्षी सुंदर आहे यात शंका नाही, पण तो वन्यपक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा ठरतो. आपण पिल्ले वाचवण्याच्याच हेतूने आणली असतील, तरी आता जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तसे सांगावे. त्यांना परत कुठे आणि कसे सोडायचे हे त्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

खाकी कॅम्पबेलविषयी. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनांत जातीच्या मानकाशी तुलना करून गुण देण्याची पद्धत बदकांच्या बाबतीत फारशी रुळलेली नाही. तिथे पाहणारा शेतकरी विचारतो ते अंडी किती देते आणि खर्च किती येतो. म्हणून एका जोडीऐवजी एक नर आणि चार-पाच माद्या ठेवाव्यात आणि अंड्यांच्या नोंदीची वही शेजारी ठेवावी; ती वही पाहणाऱ्याला कोणत्याही फलकापेक्षा जास्त पटते. एकसारख्या रंगाच्या माद्या निवडाव्यात. मांडवात पत्र्याखालची जागा घेऊ नये. कोकणातल्या जानेवारीतही दुपारी पत्रा तापतो, बदकाला घाम येत नाही, आणि चोच उघडी टाकून धापणारे बदक पाहायला कोणाला आवडत नाही. पाण्यासाठी घमेले चालेल, मात्र त्याखाली जाळी ठेवावी, नाहीतर तासाभरात मांडवाचा चिखल होतो.

कणी, कोंडा आणि खाचरातल्या गोगलगाई यांवर आपली बदके चांगली वाढलेली दिसतात. एकच धोका सांगतो. पावसाळ्यात साठवलेल्या शेंगदाणा पेंडीला किंवा मक्याला बुरशी येते आणि तीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. या विषाला बदके, त्यातही पिल्ले, अतिशय संवेदनशील असतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने टर्की पक्ष्यांची प्रचंड हानी झाली आणि बदकांची पिल्लेही दगावली, तेव्हाच हे विष शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. वास आलेली पेंड गुरांना चालेल म्हणून ठेवू नये आणि बदकांना तर घालूच नये. माद्यांची निवड करताना नव्या रक्ताचे पक्षी हवे असतील, तर बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारचे पक्षिपालन केंद्र आहे. तिथे खाकी कॅम्पबेलवर पुष्कळ काम झालेले आहे.

प्रश्न : सहा आठवड्यांच्या पिल्लाचा डावा पंख विमानासारखा बाहेर वळला आहे. हा दोष जाईल का? (टेक्सास, अमेरिका)

उत्तर : मनगटाच्या सांध्यापाशी वळलेला असा पंख प्रदर्शनात अपात्र ठरतो. पिल्लू फार वेगाने वाढले, खाद्य प्रमाणाबाहेर पौष्टिक झाले आणि रक्ताने भरलेल्या नव्या पिसांचे ओझे कोवळ्या सांध्याला पेलले नाही, की असे होते. नुकतेच दिसू लागले असेल तर पंख नैसर्गिक घडीत मिटवून मऊ पट्टीने तीन ते पाच दिवस बांधावा, रोज सोडून पाहावा, आणि खाद्यातली प्रथिने १६ टक्क्यांच्या आसपास आणावीत. ब्रेड पूर्ण बंद करावा. हाडे पक्की झाल्यावर उपाय राहत नाही. पक्षी घरी सुखाने जगतो, पण प्रदर्शनाला किंवा पैदाशीला वापरू नये. आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी: आपण कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य देत असाल तर त्यात बदकाला लागणारे नायसिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) पुरेसे नसण्याचा संभव असतो. बदकाच्या पिल्लाला किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते आणि ते कमी पडले तर पाय वाकतात. खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट भुरभुरण्याचा उपाय सोपा आहे.

प्रश्न : प्रदर्शन चार तासांच्या अंतरावर आहे. प्रवासात काय काळजी घ्यावी? आणि परतल्यावर पक्षी लगेच बाकीच्यांत सोडता येतात का? बर्ड फ्लूच्या बातम्यांमुळे घरचे घाबरले आहेत. (यॉर्कशायर, इंग्लंड)

उत्तर : प्रत्येक पक्ष्याला स्वतंत्र, सर्व बाजूंनी भोके असलेली पेटी द्यावी, तळाशी जाड भुसा घालावा. पेटीत पाण्याचे भांडे ठेवले तर पाणी सांडून पोटाची पिसे खराब होतात, म्हणून दर दोन तासांनी थांबून पाणी पाजावे आणि मध्ये काकडीचे तुकडे द्यावेत. पाणी नसताना कोरडे खाद्य मात्र कधीही ठेवू नये. बदक प्रत्येक घासाबरोबर पाणी घेते, आणि ते नसेल तर घास घशात अडकतो. पोहोचल्यावर आधी पाणी, मग खाणे. पिंजऱ्याला अडकवायचा पेला नाकपुड्या बुडतील एवढा खोल असावा.

परतल्यावर लगेच कळपात सोडू नये. किमान दोन, जमल्यास चार आठवडे पक्षी वेगळ्या जागी ठेवावेत, त्यांची कामे दिवसाच्या शेवटी करावीत आणि त्यांच्यासाठी वेगळे बूट वापरावेत. पेट्या धुऊन, जंतुनाशक लावून उन्हात वाळवाव्यात. इंग्लंडमध्ये ऊन मिळाले तर. पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, हे पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पाहावे.

घरच्यांची भीती निराधार नाही. कोंबड्या या विषाणूने चोवीस तासांत मरू लागतात, त्यामुळे धोका दिसतो; बदक मात्र पुष्कळदा काहीच लक्षण न दाखवता विषाणू बाळगते आणि विष्ठेतून सोडत राहते. भारतात हा रोग पाळीव पक्ष्यांत प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला, कोंबड्यांत. आणि २०१४ च्या अखेरीस केरळच्या कुट्टनाडात त्याचा फटका बदकपालकांना बसला. आपण कोंबड्याही पाळत असाल तर बदके आणि कोंबड्या कायम वेगळ्या ठेवाव्यात आणि जंगली बदके उतरतात त्या तळ्यावर आपले पक्षी नेऊ नयेत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एक पक्षी पाळणाऱ्यालाही सरकारकडे नोंदणी सक्तीची झाली आहे. ती नसेल तर प्रदर्शनाचा अर्ज भरण्यापूर्वी करून घ्यावी. रोगाचा प्रादुर्भाव वाढला की पाणपक्ष्यांच्या एकत्रीकरणावर बंदी येते आणि ती अर्ज स्वीकारल्यानंतरही येऊ शकते. म्हणून पेट्या गाडीत चढवण्यापूर्वी त्या दिवशीचे सरकारी निर्बंध पाहून घ्यावेत.